पडद्यावरची गाडी अडखळते कुठे?

मनमाड हे रेल्वेचे जंक्शन. मुंबई-भुसावळ मार्ग, दौंडकडे जाणारा मार्ग आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. अशा गावात ‘वेग’ शिकवायचा तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. समजा, विद्यार्थ्यांनी रेल्वेच्या हद्दीबाहेर सुरक्षित जागी उभे राहून धावत्या गाडीचे मोबाइलवर फोर-के चित्रण केले. मोबाइलवर ते छान दिसते. पण शाळेच्या जुन्या लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडून तेच लावले, की गाडी धक्के खात पळते. आवाज मात्र अखंड येतो! मग निदाने सुरू होतात : मोबाइल खराब आहे, फाइल बिघडली आहे, नवा संगणकच घ्यायला हवा. खरे कारण कसे शोधायचे?

आधी थोडे गणित करू. फोर-के चित्रात ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. फुल एचडीच्या हे बरोबर चौपट. एका ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. सेकंदाला ३० चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे ६ अब्ज बिट होतात. एवढे कोण साठवणार? म्हणून मोबाइल चित्रे दाबून ठेवतो. मागच्या चित्रापेक्षा काय बदलले, तेवढेच प्रामुख्याने लिहितो. त्यामुळे ६ अब्जांचे काम साधारण ५ कोटी बिटांत भागते. दाखवताना मात्र संगणकाला ही घडी पुन्हा उलगडावी लागते, आणि तीही दर चित्रामागे एका सेकंदाच्या तिसाव्या भागात. वेळेत चित्र तयार झाले नाही, तर आवाजाशी मेळ राखण्यासाठी ते सरळ गाळले जाते.

याचा परिणाम पाहा. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २० मीटर, म्हणजे एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत सुमारे ६७ सेंटिमीटर सरकते. लागोपाठ पाच चित्रे गळली, तर ती पडद्यावर एकदम ४ मीटरची उडी घेते.

चित्राचा प्रवास असा असतो : फाइल वाचणे, घडी उलगडणे, केबलमधून पाठवणे, मॉनिटरने दाखवणे. दुहेरी मार्गावरून भराभर आलेल्या गाड्या पुढच्या एकेरी मार्गापाशी खोळंबतात, तसेच येथे होते. तो एकेरी भाग शोधायचा, आणि त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१. फाइल पेन ड्राइव्हवरून किंवा इंटरनेटवरून थेट चालवू नका. आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या. धक्के थांबले, तर अडचण वाचण्यात होती.

२. मॉनिटर काढून लॅपटॉपच्याच पडद्यावर पाहा. तरीही गाडी अडखळत असेल, तर केबल आणि मॉनिटर निर्दोष आहेत. अडचण बहुधा घडी उलगडण्यात आहे. टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर शंभर टक्क्यांच्या आसपास राबताना दिसला, तर शंका पक्की झाली. घडी घालण्याची एचईव्हीसी ही पद्धत २०१३ साली आली. ती उलगडणारी खास यंत्रणा त्याआधीच्या संगणकांत नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर पडतो. यंत्रणा असेल, तर व्हिडिओ प्लेअरमधील हार्डवेअर डिकोडिंग सुरू करा. नसेल, तर चित्रण फुल एचडीमध्ये बदलून घ्या.

३. फक्त मॉनिटरवरच धक्के बसतात का? मग व्हिडिओ बंद करून माउसचा बाण गोल गोल फिरवा. बाणही तुटक सरकला, तर फाइलचा दोष नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो, ते पाहा. २००९ सालच्या एचडीएमआय १.४ जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते. ६० वेळा पाठवण्याची सोय २०१३ सालच्या एचडीएमआय २.० मध्ये झाली. सेकंदाला २५ चित्रांची फिल्म ३० हर्ट्झच्या पडद्यावर लावली, की दर सेकंदाला पाच चित्रे दोनदा दाखवावी लागतात आणि चाल अडखळते. ६० चित्रांची असेल, तर निम्मी गळतात. अशा वेळी मॉनिटर १९२० × १०८० आणि ६० हर्ट्झवर ठेवून पाहा. बारकावे थोडे कमी होतील, पण गती सुधारेल.

४. मॉनिटर यूएसबी अ‍ॅडॅप्टरमार्फत जोडला असेल, तर तो थेट एचडीएमआयने जोडून पाहा. काही अ‍ॅडॅप्टरांसाठी पडद्यावरचे चित्र प्रोसेसरला पुन्हा दाबून पाठवावे लागते. आधीच दमलेल्या प्रोसेसरवर हा आणखी एक भार.

आता पुन्हा वर्गाकडे वळू. चित्रे गळतात ती दाखवताना. फाइलमध्ये ती शाबूत असतात. म्हणून अडखळते चित्रण टाकून देऊ नका. ते थांबवून एकेक चित्र पुढे सरकवा. २४ मीटर लांबीचा डबा एका खांबासमोरून पूर्ण जायला ३६ चित्रे लागली, तर वेळ १.२ सेकंद आणि वेग सेकंदाला २० मीटर. धावत्या चित्रात सहा चित्रे गळली आणि कुणी ३० च मोजली, तर उत्तर सेकंदाला २४ मीटर येईल, म्हणजे ताशी ७२ ऐवजी ८६ किलोमीटर! मात्र मोबाइलने खरोखरच सेकंदाला ३० चित्रे टिपली आहेत ना, हे आधी फाइलच्या माहितीत पाहून घ्या.

गाडी धावली एका वेगाने, पडद्यावर दिसली वेगळीच. चूक गाडीची, मोबाइलची की मधल्या साखळीतील एखाद्या कडीची, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. वेगाच्या धड्याबरोबर मापनातील चुकांचा धडाही होऊन जाईल, आणि कदाचित नव्या संगणकाचा खर्चही वाचेल.