मजल आणि धडक

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. लढाईचा निकाल एका दिवसात लागला. परंतु त्या दिवसासाठी पेशव्यांच्या फौजा पुण्याहून मजल दरमजल करीत येथवर आल्या होत्या. मजल मारण्याचा दम आणि धडक देण्याचा जोर ही दोन निराळी बळे आहेत. दम वाढवण्यासाठी रोज दूरवर चालावे की केटलबेलने थोडाच पण जोरकस व्यायाम करावा, या आजच्या प्रश्नाचे उत्तर याच भेदात आहे.

मजलीचे बळ जैन समाजाला नव्याने सांगावयास नको. याच जिल्ह्यातील चिचोंडीत जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजींनी १९१३ मध्ये दीक्षा घेतली आणि पुढे प्रांतोप्रांती पायी विहार केला. विहारामागे अहिंसेचे व्रत आहे, व्यायामाचा हेतू नाही; तरी शरीराला त्याचा लाभ होतोच. एकसारख्या गतीने दीर्घकाळ चालण्याच्या सवयीने हृदय प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे ढकलते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि साठलेली चरबी इंधन म्हणून अधिक वापरली जाते.

केटलबेल म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा. तो रशियातून जगभर पसरला. आपल्या तालमींतील नाल आणि मुद्गल हे त्याचेच भाऊबंद. गोळा हातांनी उचलायचा नसून कमरेच्या झटक्याने झुलवायचा असतो. २०१० मधील एका अभ्यासात १६ किलोचा गोळा १२ मिनिटे झुलवणाऱ्यांच्या हृदयाची गती कमाल गतीच्या ८७ टक्क्यांपर्यंत गेली. प्राणवायूचा वापर मात्र कमाल क्षमतेच्या ६५ टक्केच राहिला. म्हणजे छाती धडधडली, तरी तो धावण्याचा पूर्ण पर्याय ठरत नाही.

जोरकस व्यायामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. जपानमधील इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये सहा आठवड्यांचा सायकलवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट तासभर मध्यम गतीने सायकल चालवी. दुसरा २० सेकंद जीव तोडून आणि १० सेकंद विश्रांती, अशी आवर्तने करी. प्राणवायू वापरण्याची क्षमता दोन्ही गटांत वाढली. परंतु अल्पकाळ पराकाष्ठेचा जोर टिकवण्याची शक्ती फक्त दुसऱ्या गटात वाढली.

दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या गृहस्थाला दोन्हींची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम सुचवते. पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे आणि दोन दिवस केटलबेल, असा मेळ सहज बसतो. नवशिक्याने हलका गोळा घ्यावा व जाणकारासमोर शिकावे. हृदयविकार, रक्तदाब वा कंबरदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

व्रतांचे भानही हवे. नवकारसीपूर्वी पाणी घेता येत नाही, म्हणून पहाटे चालणेच बरे. चौविहार पाळणाऱ्यांनी केटलबेल सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी आटोपावी, म्हणजे नंतर पाणी पिता येते. उपवास आणि अठाईच्या दिवसांत गोळा बाजूलाच ठेवावा.

खर्ड्याहून कुंथलगिरी सिद्धक्षेत्र फार दूर नाही. तेथवरच्या वाटेला मजलीचा दम लागतो आणि टेकडीच्या चढाला थोडा जोर. नित्याच्या सरावाने दोन्ही साधले, तर यात्रेकरूचे मन धापेकडे न जाता दर्शनाकडे राहील.