पन्हळीचे पाणी कुणाच्या अंगणात?

मंडळी, मृग जवळ आला की टेंभुर्णीच्या आसपास जुन्या माळवदांवर पांढरी माती चढते. भेगा बुजवताना पन्हळीचे तोंड कुणीकडे आहे तेही पाहा. तुमच्या अंगणात भावकीतल्या कुणाचे पाणी पडते का? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षे उघडपणे, अखंड, हक्क म्हणून पाणी सोडले तर तो हक्कच होऊन बसतो. तुमच्या परवानगीने सोडले तर होत नाही. म्हणून ती परवानगी कागदावर लिहा. भाऊ चांगला असतो हो, पण पुढे पोरांच्या वाटण्या होतात! घर पाडून नवे बांधायचे तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम ५२ आहे: आधी परवानगी, मग पाया. पन्हळ वळवायची वेळ तीच.