आज्जांचा पाडवा

दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात म्हशी पळवतात, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. सकाळी म्हशींना न्हाऊ घालायचं, अंगाला तेल चोळायचं, शिंगं रंगवून मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि घुंगरं घालायची. मग मालक पुढे आणि म्हैस मागे. आता मालक मोटारसायकलवर असतो, एवढाच फरक.

आमच्या गोठ्यात एके काळी अठरा म्हशी होत्या. पण त्यातली एकही पाडव्याला पळाली नाही. त्या दिवशी जेवणं झाली की आज्जा सगळी जनावरं घेऊन गावाबाहेरच्या तळ्याकडे जायचे आणि रात्री उशिरा, फटाके थांबल्यावरच परतायचे. लोक चेष्टा करायचे, "लढाई बघून आलेला गडी फटाक्यांना भितोय!" आज्जा उत्तर द्यायचे नाहीत.

आज्जा मूळचे खानापूर तालुक्यातले. घरात जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार. १९४१ साली, एकोणिसाव्या वर्षी ते बेळगावला आले आणि मराठा पलटणीत भरती झाले. पहिल्या बटालियनबरोबर ते इटलीला गेले. १९४३ च्या सप्टेंबरात आठवी भारतीय डिव्हिजन तिथे उतरली होती.

लढाईतली एकच गोष्ट ते आम्हा नातवंडांना रंगवून सांगायचे, आणि ती त्यांची स्वतःची नव्हती. ती होती नामदेव जाधवांची. ९ एप्रिल १९४५ चा दिवस, सेनिओ नदी. कंपनीचे निरोपे असलेल्या जाधवांनी गोळीबारातून जखमी सोबत्यांना सुरक्षित जागी नेलं, शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि मग पलीकडच्या बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. "आणि तुम्ही काय केलं, आज्जा?" असं विचारलं की म्हणायचे, "मी खेचरं सांभाळली." आम्ही हिरमुसायचो.

१९४६ ला ते सुटून आले. पाच वर्षांच्या नोकरीला पेन्शन नव्हतं. हाती आलेल्या पैशांतून त्यांनी दोन म्हशी घेतल्या आणि बेळगावच्या वेशीवर छप्पर घातलं. पहाटे साडेतीनला उठून धार काढायची आणि सायकलला कॅन अडकवून शहरात रतीब घालायचा. कुंदा करणारेही आमचं दूध घ्यायचे. गोठ्यात पलटणीची शिस्त होती. आधी पाणी, मग चारा. रोज प्रत्येक जनावराचे खूर उचलून बघायचे. म्हशीला कुणी खरारा करतं का? आज्जा करायचे. काठी मात्र आमच्या गोठ्यात नव्हती.

१९६४ च्या पाडव्याला माझे वडील चौदा वर्षांचे होते. त्यांनी एक रेडी लहानपणापासून जीव लावून वाढवली होती. त्या दुपारी त्यांनी तिला कळपातून हळूच बाजूला काढलं, मित्राच्या दारात सजवलं आणि गल्लीत आणलं. आज्जा शोधत आले. भर गर्दीत, सगळ्या मित्रांसमोर, त्यांनी रेडीच्या शिंगांची मोरपिसं सोडली आणि एक शब्द न बोलता तिला घेऊन गेले.

वडिलांनी त्यानंतर गोठ्यात पाऊल टाकलं नाही. मोठेपणी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला लागले. बापलेक एकाच घरात राहिले, एका पंगतीला जेवले, पण कामापुरतंच बोलले. मी लहानाची मोठी झाले ती हे बघतच.

२००१ साली आज्जा गेले. तेराव्याच्या रात्री आज्जी वडिलांना म्हणाली, "बस जरा. हेंनी मला शपथ घातली होती. आता ती सुटली."

१९४४ च्या शरदात पलटण फ्लॉरेन्सच्या उत्तरेला अपेनाइनच्या डोंगरांत होती. पाऊस, चिखल, गाड्या पुढे जाईनात. दारूगोळा आणि रेशन खेचरांवरून चढवावं लागे, तेही रात्रीच. जनावरांची सवय म्हणून आज्जांकडे एक खेचर दिलेलं. काही महिने ते त्याच्याच शेजारी झोपले. एका रात्री अरुंद वाटेवर तोफगोळे पडले. खेचर बिथरलं आणि ओझ्यासकट घळीत गेलं. पाय मोडले, पण मेलं नाही. खाली उतरायला वेळ नव्हता आणि गोळी घालायची परवानगी नव्हती, आवाजाने शत्रूला जागा कळली असती. रांग पुढे गेली. आज्जाही गेले. वरच्या ठाण्यावर पहाटेपर्यंत त्यांना त्याचं ओरडणं ऐकू येत होतं.

"जनावर आपल्या भरवशावर आवाजात शिरतं, असं म्हणायचे," आज्जी म्हणाली. "तुला सांगायची त्यांची छाती झाली नाही."

वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला मला जाग आली ती गोठ्यातल्या दिव्याने. वडील चरवी घेऊन बसले होते. हात अनोळखी होता, म्हशीने पान्हा चोरला. वडील तिच्या पाठीवरून हात फिरवत तसेच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तिने धार दिली.

आज आमच्याकडे दोनच म्हशी उरल्यात. तळ्याभोवती घरं झाली, म्हणून पाडव्याला वडील गोठ्याचं दार लावून त्यांच्याजवळ बसतात. पंचाहत्तरी झाली, पण हा नेम चुकत नाही. म्हशी सजवून मिरवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनाही जनावरांचा जीव असतोच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. हा आमच्या घराचा पाडवा आहे, इतकंच.

इटलीत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक लढले आणि ५,७८२ तिथेच राहिले. २०२३ च्या जुलैत तिथल्या मोंतोने गावात मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांचं स्मारक उभं राहिलं. मी त्याचा फोटो वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "खेचरांचं काही लिहिलंय का गं?"

बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अशी पदकं आणि डिस्चार्ज बुकं पडून असतील. आमच्या पेटीत 'इटली स्टार' आहे. आपल्या घरातलं जे माणूस बोललं नाही, त्याच्याबद्दल घरातल्या आज्जीला विचारा. आमच्याकडे ते विचारायला सदतीस वर्षं उशीर झाला.