टाकी बघून मासा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. खाऱ्या पाण्याच्या माशांना हवं साधारण २५-२६ अंशांचं पाणी. लहान टाकी लवकर तापते, पाण्यातला प्राणवायू घटतो, वाफ उडून जाते आणि मीठ मागे राहिल्याने खारेपणा वाढतो. उडालेल्या पाण्याची ही तूट आरओच्या गोड्या पाण्याने भरावी, पुन्हा मीठ घालू नये. शंभर लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी, फार तर सोबत एखादा छोटा गोबी, एवढंच ठेवावं. ‘फाइंडिंग निमो’मधली निळी डोरी दुकानात बोटाएवढी असते, पण वाढते फूटभर, तिला सहा-सातशे लिटरही जेमतेमच. दुकानदाराला म्हणूनच आधी विचारावं, ‘हा केवढा होतो?’ समुद्रघोडा तर मागूच नये, तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.