‘दुर्’ कधी लावावा?

एखाद्याचं मत आपल्याला पटेना आणि तो ते सोडेना, की आपण त्याला ‘दुराग्रही’ ठरवून मोकळे होतो. मराठीत अशा माणसासाठी हेकट, हटवादी, आडमुठा, पोथीनिष्ठ असे कितीतरी शब्द आहेत. पण ‘दुराग्रह’ त्या सगळ्यांहून नेमका आहे. संस्कृत ‘ग्रह्’ म्हणजे धरणं. आग्रह म्हणजे घट्ट धरणं. ही पकड मुळात वाईट नाही. पाहुण्याला आणखी एक पुरणपोळी वाढताना आपण आग्रहच करतो आणि तो मायेचा असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला नाव शोधताना मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवलं आणि गांधीजींनी त्याचं ‘सत्याग्रह’ केलं, तेव्हाही ‘आग्रह’ जागचा हलला नाही. म्हणजे दोष पकडीत नाही, ‘दुर्’मध्ये आहे. मग हा ‘दुर्’ लावायचा कधी? माझ्या मते, मत किती ठाम आहे यावरून नव्हे, तर पुराव्यापुढे ते हलायला तयार आहे का, यावरून.

वसईचं उदाहरण घ्या. 1988 मध्ये वसई-विरारचा मोठा हरित पट्टा बांधकामाला खुला झाला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती त्याविरुद्ध उभी राहिली. त्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं. पण त्यांच्या म्हणण्याचा एक भाग कुणालाही तपासता येण्याजोगा होता. इथल्या वाड्यांना विहिरी आणि बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी, जगवतात. पावसाचं पाणी बावखलात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि गोड्या पाण्याचा थर टिकवून धरतं. हा थर खाऱ्या पाण्याला रेटून ठेवतो. टँकर भरण्यासाठी विहिरी पंपाने उपसल्या किंवा बावखल बुजवून त्यावर इमारत उभी केली, की हा रेटा कमी होतो, समुद्राचं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. हे पटवून घ्यायला कोणत्याही पोथीची गरज नव्हती. पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं की पुरे. खोटं ठरण्याची जोखीम पत्करणारं मत कितीही ठाम असलं, तरी त्याला दुराग्रह म्हणता येणार नाही.

यावर आक्षेप येईल की प्रत्येकाला आपला तो आग्रह आणि दुसऱ्याचा तो दुराग्रह वाटतो. आपल्या सशाला तीनच पाय. खरं आहे, आणि म्हणूनच ही कसोटी आधी स्वतःला लावायला हवी. मुंबईत घर न परवडणारी माणसं नालासोपारा-विरारला आली, ती निसर्गाशी वैर धरून नव्हे, डोक्यावर छप्पर हवं म्हणून. त्यांची निकड कानाआड करणारा पर्यावरणवादीही दुराग्रहीच. पुढे सूर्या धरणाचं पाणी शहराला मिळू लागलं, तेव्हा टँकरविषयीचा युक्तिवाद पुन्हा तपासणं भाग होतं. बावखलांविषयीचा मात्र तसाच उभा राहिला, कारण नळाला पाणी आलं म्हणून जमिनीत पाणी मुरत नाही. वस्तुस्थिती बदलली की मताचा तेवढाच भाग बदलावा आणि उरलेला ठामपणे धरावा. याला माघार म्हणत नाहीत, प्रामाणिकपणा म्हणतात.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. धर्मात काही सिद्धांत अढळ असतात. मग प्रत्येक श्रद्धावान दुराग्रही का? नाही. दिब्रिटो कॅथलिक धर्मगुरू होते आणि उस्मानाबादला 2020 मध्ये भरलेल्या 93व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. लेखन न पाहता केवळ झगा पाहून दिलेला निकाल हा दुराग्रहाचा स्वच्छ नमुना आहे, कारण कोणतंही पुस्तक वाचून तो बदलणार नव्हता. श्रद्धा स्वतःपुरती अढळ राहू शकते. दुसऱ्याला ऐकण्याआधीच नाकारू लागली, की तिला ‘दुर्’ चिकटतो.

आज ‘कट्टर’ हा शब्द लोक गाडीच्या काचेवर अभिमानाने मिरवतात, तेव्हा हा भेद जपणं अधिकच गरजेचं आहे. समोरच्याला दुराग्रही म्हणण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावं: काय दिसलं तर मी माझं मत बदलेन? उत्तर सापडलं तर तो आग्रह. नाही सापडलं, तर ‘दुर्’ आधी आपल्याच मताला लावावा.