हरवलेले वीस यार्ड

गोल्फ खेळणाऱ्या मनुष्याची पन्नाशी उलटली की त्याच्या संभाषणात एक तक्रार हळूहळू शिरते: ज्या झाडापलीकडे आपला चेंडू पूर्वी सहज पडत असे त्याच्या अलीकडेच तो आता विसावतो, आणि जेथे सात नंबरची आयर्न पुरत असे तेथे पाच नंबरची काढावी लागते. मग तो अंगातले सारे बळ खर्ची घालून क्लब फिरवू लागतो आणि त्या आटापिट्यात उरलेसुरले अंतरही गमावतो. वयाचा हिस्सा त्यात असतो, हे कोण नाकारील? परंतु सगळा ठपका वयावर ठेवण्यापूर्वी चेंडू क्लबच्या मुखावर नेमका कोठे लागतो याचा तपास करणे अगत्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

क्लब आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच टिकते, आणि चेंडूचे सारे भवितव्य तेवढ्यात ठरून जाते. ड्रायव्हरचा वेग ताशी १०० मैल असून आघात मुखाच्या मध्यावर झाला, तर चेंडू ताशी सुमारे १५० मैलांनी निघतो. तोच आघात मध्यापासून ढळला, तर क्लबचे मस्तक किंचित वळते, ऊर्जेचा काही अंश त्या वळण्यात वाया जातो आणि चेंडूचा वेग १४०पर्यंत उतरू शकतो. दर मैलामागे साधारण दोन यार्ड, या हिशेबाने बाहूंचे बळ तसूभरही न घटता वीस यार्ड नाहीसे होतात. हा तपास करण्यास महागडे यंत्र लागत नाही. मुखावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा, दहा चेंडू मारावेत आणि दर वेळी उमटलेली खूण पाहावी; खुणा टाचेकडे साचत असतील तर बहुधा आपण चेंडूच्या फार जवळ उभे राहतो, टोकाकडे साचत असतील तर फार दूर.

फिरकीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. एडिंबरा विद्यापीठातील प्राध्यापक पीटर गथ्री टेट, ज्यांचा पुत्र फ्रेडी १८९६ व १८९८ साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेचा विजेता ठरला, यांनी त्याच दशकात गणिताने दाखवून दिले की चेंडू हवेत इतका वेळ राहतो तो केवळ वेगाच्या जोरावर नव्हे, तर उलट्या फिरकीने मिळणाऱ्या उचलीच्या आधाराने. तीच फिरकी अतिरिक्त झाली, की चेंडू उंच चढतो आणि जवळच कोसळतो. ड्रायव्हरने वरून खाली घाव घालणाऱ्यांची गत बहुधा हीच होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवावा आणि टी इतकी उंच रोवावी की चेंडूचा निम्मा भाग क्लबच्या वरच्या कडेवर दिसेल, म्हणजे क्लब वर चढू लागताना चेंडूला भिडतो.

ज्यांची कंबर खरोखरच पूर्वीसारखी वळत नाही, त्यांनी क्लब मागे नेताना डावी टाच खुशाल उचलू द्यावी. जॅक निक्लॉस ऐन उमेदीतही ती उचलत असत.

आपल्या फटक्यांच्या अंतराची नोंद ठेवताना मात्र ऋतूचे भान असावे. थंड हवा अधिक घन असते, गारठलेला चेंडू कमी उसळतो आणि दवाने भिजलेल्या गवतावर तो फारसा घरंगळत नाही. म्हणून पुण्यात येरवड्याच्या मैदानावर डिसेंबरातल्या पहाटे मारलेला ड्राइव्ह मे महिन्यातल्या दुपारच्या ड्राइव्हशी ताडून पाहू नये.