नाग खलनायक कधी झाला?

शिराळा उर्फ ‘बत्तीस शिराळा’ हे गाव ओळखलं जातं ते नागपंचमीमुळे. आदल्या दिवशी बायका नागाला भाऊ मानून उपास धरतात. पंचमीला विळी बंद, तवा बंद, नांगर बंद. पुरणाची दिंडं वाफवायची. त्या दिवशीची कहाणी आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. शेतकऱ्याचा नांगर वारुळावरून गेला, नागिणीची पिल्लं मेली. तिनं रात्रीत त्याचं सगळं घर डसून संपवलं आणि सासरी असलेल्या लेकीकडे निघाली. लेक पाटावर गंधानं नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवत होती. नागीण निवली, अमृत देऊन गेली, माहेर पुन्हा जिवंत झालं.

सूड भयंकरच आहे, त्यात पोरंबाळंही सुटलेली नाहीत. तरी कहाणी नागिणीला राक्षसीण ठरवत नाही, कारण ती नांगरापासून सुरू होते.

महाभारत दुसऱ्या टोकानं सुरू होतं. तक्षक नागानं राजा परीक्षिताला दंश केला, म्हणून त्याच्या मुलानं, जनमेजयानं सर्पसत्र मांडलं आणि नागांची आख्खी जमात आगीत ओढली जात असताना तिथेच वैशंपायनांनी ही कथा सांगितली. ऐकणाऱ्याला तक्षक आधी भेटतो तो राजाचा मारेकरी म्हणून. त्याचं खांडववन जाळल्याची हकिकत येते आदिपर्वाच्या अगदी शेवटी. अग्नीला वन हवं होतं. कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंना उभे राहिले आणि बाहेर पळणारा प्रत्येक जीव त्यांनी टिपला. तक्षक कुरुक्षेत्राला गेलेला. त्याची बायको पोराला गिळून आकाशात झेपावली, अर्जुनानं तिचं मस्तक उडवलं. पोरगा अश्वसेन तेवढा निसटला. मयासुरालाही जीवदान मिळालं, आणि त्यानं पांडवांना सभा बांधून दिली. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रकाराला वस्तीसाठी जमीन मोकळी करणं म्हटलं आहे. म्हणजे इथेही नांगरच, फक्त कथेत मागे ढकललेला.

कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांनी ‘सर्पसत्र’ हे इंग्रजी दीर्घकाव्य (2004) नागकन्या जरत्कारूच्या तोंडी घातलं. ती आपल्या मुलाला, पुढे ते सत्र थांबवणाऱ्या आस्तिकाला, सगळं सांगते. निवेदक बदलला की खलनायकही बदलतो. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (1873) बळीराजाची गोष्टही अशीच त्याच्या बाजूनं सांगितली, आणि पाडव्याला बळीचं राज्य येवो म्हणणाऱ्या बायकांना तर ते त्याआधीपासून माहीत होतं.

खलनायक कोण, हा प्रश्न आधुनिक अद्भुत कादंबऱ्यांतही येतो. त्यांतले दुष्ट गट जुलमी की जुलूम सोसणारे, या वादात दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. हॅरी पॉटरमधले ‘डेथ ईटर’ उघडच शुद्ध रक्ताचा माज असलेले खानदानी लोक. त्यांच्यात पीडित शोधणं व्यर्थ. टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले ऑर्क मात्र अवघड प्रकरण आहे. सैन्य जुलमी सत्तेचं, पण ऑर्क स्वतः चाबकाखाली धावणारे. दोघं ऑर्क एके ठिकाणी गप्पा मारतात: हे युद्ध संपलं की चार विश्वासू गडी घेऊन साहेबांपासून लांब कुठेतरी सटकू. ऑर्कांच्या रूपाबद्दल टॉल्किननं एका पत्रात मंगोल चेहरेपट्टीचा दाखला दिला आहे, तोही कुरूपतेचा नमुना म्हणून. मला वाटतं, अशा टोळ्यांना ताकद दिली जाते राज्यकर्त्यांची आणि चेहरा हरलेल्यांचा. त्यामुळे वाचक जुलमाचा राग भलत्याच तोंडावर काढतो.

हे पुस्तकातच राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. 1871 साली इंग्रजांनी आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय करणारा कायदा केला. तो रद्द व्हायला 1952 उजाडलं. शिराळ्याशेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे ‘फकिरा’ (1959) लिहायला बसले, तेव्हा सरकारी दप्तरातला दरोडेखोर त्यांनी उपाशी वस्तीच्या बाजूनं उभा केला. तो धान्य लुटतो, खजिना लुटतो. पण आधी भूक येते, मग दरोडा.

आता शिराळ्यात गोष्ट आणखी फिरली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा (1972) आणि उच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे तिथल्या नागपंचमीतल्या जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या. नागाची बाजू कायदा घेतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या नागाला भाऊ मानणारे गावकरी म्हणतात, आम्हालाच गुन्हेगार ठरवलंत. कायद्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मडक्यात कोंडलेल्या नागाला मिरवणूक सोसत नाही. पण गावकऱ्यांची तक्रार ऐकताना ती कुठून सुरू होते, तेही ऐकायला हवं.